ताकदीची पुडी

कोकिळानं एकच चूक केली. नवरा उठत नाही म्हटल्यावर तिनं सासूला उठवायच्या आधी गल्लीत धाव घेतली आणि डोक्यावर पदर नाही, केस मोकळे, अशी चव्हाट्यावर उभी राहून ओरडली, "मी पुड्या दिध्यात वं माय, आन्‌ त्या उठीच नही ऱ्हायनात!"

उजाडायला लागलं होतं. बायका हंडे घेऊन तापीवर निघाल्या होत्या. आमच्या गावचा पोलीस पाटील सुपडू समोरच्याच गोठ्यात म्हशीखाली बसला होता. सगळ्यांनी ऐकलं. ज्यानं ऐकायला नको होतं त्यानं तर नीट कान देऊन ऐकलं.

तिची सासू धनुबाई आवाजानं जागी झाली, ती बाहेर आली नाही. ती आधी खोलीत गेली. पोटचा मुलगा दोधू तोंडाला फेस, डोळे पांढरे, वाकडा होऊन पडलेला. आईनं हंबरडा फोडावा की नाही? या बाईनं आधी फडकं ओलं करून त्याचं तोंड पुसलं. हातपाय सरळ केले, तोंडात तुळशीचं पान आणि पाणी घातलं आणि हनुवटीखालून फडकं घेऊन जबडा घट्ट बांधून टाकला. मग उंबऱ्यावर आली, जमलेली गल्ली बघितली आणि ऊर बडवायला लागली.

"या रांडनी मन्हा आंडोरले विख दिधं!"

मी धनुबाईला दगडाची म्हणणार नाही. तिचं रडणं खरं होतं. पण रडतारडता हिशेब करता येतो, आणि तो तिनं उंबऱ्यावर उभ्याउभ्या केला.

खरं काय होतं ते आधीच सांगतो, उगाच लपवाछपवी नको. दोधूला लहानपणापासून फेफरं होतं. आमच्या समाजात ज्या घरात फेफरं नाहीतर कोड निघालं त्या घराला कोणी मुलगी देत नाही आणि त्या घरची मुलगी कोणी करत नाही. म्हणून धनुबाई देवीच्या नावानं मुलाला घेऊन सुरतेला जायची आणि तिथल्या एका डॉक्टरकडून पुड्या आणायची. नंदुरबारच्या दवाखान्यात जायची सोय नव्हती, तिथं समाजाची चार माणसं रोज बसलेली. औषध मात्र गुणी होतं. रोज संध्याकाळी एक पुडी पोटात गेली की दोधू चारचौघांसारखा. लग्न होऊन वर्ष झालं तरी बायकोला पत्ता लागला नाही.

पुडी द्यायचं काम सुनेचंच होतं. सासू रोज दिवेलागणीला कनवटीची एक पुडी काढून तिच्या हातावर ठेवायची. "ताकदनी पुडी शे. दूधमा दे. नातू लवकर येई." कोकिळा भोळी. नदीवर बायकांनी छेडलं की लाजून सांगायची, "मी देस ना त्यास्ले ताकदनी पुडी." बायका हसून हसून पाण्यात पडायच्या. दोधूला सगळं ठाऊक, पण तो आईसमोर तोंड उघडणारा गडी नव्हता. दूध प्यायचा आणि गप्प झोपायचा.

त्यात दोधूच्या धाकट्या बहिणीचं, छबूचं लग्न ठरलं. बस्ता, दागिने, मानपान या धांदलीत सुरत राहिली आणि पुड्या संपल्या. चार-सहा दिवस तसेच गेले. मग धनुबाई घाईघाईनं जाऊन घेऊन आली आणि त्या संध्याकाळी तिनं सुनेच्या हातावर दोन पुड्या ठेवल्या. उपासाचा खाडा पडला की दुसरा उपास धरून भरून काढतात, तसा तिनं औषधाचा खाडा भरून काढला. खंडानं चवताळलेलं दुखणं त्या दोन पुड्यांना ऐकलं नाही. कोंबडं आरवायच्या सुमाराला दोधूला फेफरं आलं आणि त्यातच तो गेला.

आता उंबऱ्यावर उभ्या बाईपुढं दोनच वाटा होत्या. फेफरं म्हणायचं, तर छबू जन्मभर घरात. विष म्हणायचं, तर सून फासावर. सून परक्याची होती.

सुपडू पाटलानं नंदुरबारला वर्दी दिली. फौजदार आला, मयत बैलगाडीत घातलं आणि सरकारी दवाखान्यात नेलं. तिथं डॉक्टर आठल्ये होते. पुण्याचे, हुशार, आणि आपण नंदुरबारात सडतो आहोत असं मनापासून वाटणारे. रोज हिवताप, नारू, विंचू. पुड्या म्हटल्यावर त्यांचे डोळे चमकले. अफू नाही, धोत्रा नाही, सोमल नाही. मग त्यांना नुकतंच मासिकात वाचलेलं आठवलं. झोपेच्या नव्या विलायती औषधांची एक जात निघाली आहे, ती माणसाच्या रक्तात राहते, आणि ते रक्त धुऊन, गाळून, त्यात एक क्षार टाकला की जांभळा रंग चढतो. रंग जितका गडद तितकं औषध जास्त. नुसतं आहे की नाही एवढंच नाही, किती आहे तेही कळतं.

त्यांनी काळजातलं रक्त बाटलीत काढलं, लाखेनं तोंड बंद केलं आणि पोटाच्या बरणीबरोबर मुंबईला सरकारी रासायनिकाकडे शिपायाच्या हाती पाठवलं. वर स्वतःच्या अक्षरात लिहिलं, की रक्त कृपया याच औषधासाठी बघावं आणि प्रमाण मोजावं. मयताचा बांधलेला जबडा उघडून जीभ बघायचं त्यांना सुचलं नाही. जीभ दातांनी पार चावलेली होती. रक्त घेऊन शिपाई ज्या गाडीनं गेला ती नवापूरवरून सुरतेला जाते. पुड्या देणाऱ्या डॉक्टरच्या गावातून ती बाटली पुढं मुंबईला गेली.

मुंबईचं उत्तर आलं तेव्हा डॉक्टरांनी फौजदाराला चहा पाजला. रंग चढला होता, चांगला गडद चढला होता. औषध तेच, आणि प्रमाण भरपूर.

"माझा तर्क बरोबर निघाला," डॉक्टर म्हणाले. ते इतके आनंदात होते की फौजदारालाच अवघडल्यासारखं झालं.

कोकिळा तेव्हा कचेरीतल्या कोठडीत होती. तिचा बाप लोटन रनाळ्याहून आला. लोटन म्हणजे समाजाचा पंच, ताठ कण्याचा, पांढऱ्या मिशांचा. पंचांच्या बैठकीत तो बोलला की बाकीच्यांनी फक्त मान हलवायची. मुलीला गजाआड बघितल्यावर मात्र तो गजांपाशी जमिनीवरच बसला.

"बा, त्या हातपाय झाडी ऱ्हायनात," ती सांगायला लागली. "तोंडले फेस उना. डोया पांढरा व्हयनात. मी त्यास्ले धरी ठेवं, पन त्या ऐकेत ना. मंग एकदम गपच व्हयनात. बा, पुड्या माले सासूनी दिध्यात. मी काय वाईट कयं?"

"तू काहीच वाईट नही कयं," लोटन म्हणाला. "मी शे ना. रडू नको."

"तू सांगशी ना साहेबले?"

"सांगसू."

ती लगेच शांत झाली. लहानपणापासून तिला एवढंच माहीत होतं, की बा बोलला की काम झालं. त्या दुपारी तिनं पहिल्यांदा भाकरी खाल्ली.

लोटन तसाच मुलीसाठी ठरवलेल्या शांतीलाल वकिलाकडं गेला. दार लावून घ्यायला सांगितलं आणि म्हणाला, "वकीलसाहेब, दोधूले फेफरं व्हतं. मी मन्हा डोयांनी देखेल शे."

आता यानं कधी बघितलं? सारंगखेड्याच्या घोड्यांच्या यात्रेत, लग्नाच्या आधीच्या साली. दोधू घोड्यांच्या दावणीशीच कोसळला. भोवती सगळे परमुलखातले सौदागर, ओळखीचा एकटा लोटन. त्यानंच पायातला जोडा काढून पोराच्या नाकाला लावला, पाणी मारलं, शुद्धीवर आणलं आणि घरी पोचवलं. चांगलं केलं. पण मग त्यानं दुसरंही काम केलं. त्याची कोकिळा रंगानं काळी, एका डोळ्यात फूल, बघायला आलेले सगळे गूळपाणी घेऊन परत गेलेले. लोटन धनुबाईच्या ओसरीवर जाऊन बसला आणि म्हणाला, की माझी मुलगी करा, म्हणजे मी काही बघितलेलं नाही. धनुबाईनं केली. समाज म्हणाला, पंचाच्या मुलीनं नशीब काढलं.

शांतीलाल वकिलानं यातलं एवढंच ऐकलं, की लोटननं यात्रेत फेफरं बघितलं. तो खुर्चीतून उठलाच. "लोटनभाई, तुम्हाला कळतंय का तुम्ही काय सांगताय? मी काल दुसऱ्या एका डॉक्टरांना विचारून आलो. हे औषध फेफऱ्याचंच आहे. ज्याला रोज घ्यायची सवय आहे त्याच्या रक्तात ते एवढं सापडणारच, त्यानं तो मरत नाही. तुम्ही कोर्टात एवढं वाक्य बोललात की मुलगी तुमच्याबरोबर घरी. बोलाल ना?"

"बोलसू. मन्ही आंडेर शे ती."

आणि तो बोलला असता. मला खात्री आहे, त्या दिवशी कोर्ट असतं तर तो बोलला असता. पण कोर्टाची तारीख पुढची होती, आणि मधल्या दिवसांत धनुबाई रनाळ्याला आली.

दुखवट्यातली बाई गाडी जुंपून व्याह्याच्या दारात आली म्हटल्यावर लोटननं घरातल्या सगळ्यांना मळ्यात पाठवून दिलं. चहा त्यानं स्वतःच केला. तिनं तो घेतला आणि साखर कमी आहे म्हणाली.

"याही, कोर्टमा काय सांगशी?"

"खरं सांगसू."

"सांग. मंग मी बी खरं सांगसू. यात्रामा मन्हा आंडोरना नाकले जोडा कोनी लावा, आन्‌ मंग मन्हा दारशी कोन उना, पोर ल्या म्हनीसन. समदं समाजले सांगसू. तुले फेफरं माहीत व्हतं आन्‌ तू पोर दिधी. पंचनी दिधी."

हे बोलणं लोटनला कुठं लागलं ते सांगायला हवं. दोन वर्षांपूर्वी भाईदास नावाच्या एका माणसानं मुलीच्या पाठीवरचं कोड लपवून तिचं लग्न लावलं, ते उघडकीला आलं. भाईदासनं पागोटं काढून लोटनच्या पायावर ठेवलं होतं. लोटननं ते पायानं सारलं आणि त्या घराचं हुक्कापाणी बंद केलं. पुढं भाईदासची म्हातारी आई गेली तेव्हा तिरडीला खांदा द्यायला एक माणूस आला नाही, भाईदासनं आणि त्याच्या पोरानं तिला गाडीत घालून नदीवर नेलं. लोटन त्या दिवशी आपल्या ओट्यावर बसून ती गाडी जाताना बघत होता. बहिष्कृत होणं म्हणजे काय हे त्याला कोणी शिकवायला नको होतं, त्यानंच ते दुसऱ्यांना शिकवलेलं होतं.

"तिले फाशी व्हई, धनुबाई," तो शेवटी म्हणाला.

"व्हई. मन्हा एक गया, तुन्ही एक जाई. फिटनं." तिनं बशी खाली ठेवली. "तुले काय कठीण शे? आंग धुई टाक तिना नावनं. समाज तुन्हा पाय धरी. म्हनी, पंच असावा तं असा, पोटनी पोर बी सोडी नही."

ही आमच्याकडची रीत. मुलीनं घराला काळिमा लावला की बापानं नदीवर जायचं, ती मेली असं समजून तिच्या नावानं अंघोळ करायची, ओल्या धोतरानं घरी यायचं. झालं. त्या क्षणापासून ती कोणाची कोणी नाही, आणि बापाच्या अंगाला तिचा डाग नाही. खुनी मुलीचा बाप अंघोळीनं स्वच्छ होतो. मुलीला जाणूनबुजून फेफरं असलेल्याच्या गळ्यात बांधणाऱ्या बापाला मात्र आमच्या नदीत पाणी नाही. धनुबाईनं हे बरोबर ओळखलं होतं. दोघं एकाच मापाची माणसं होती, म्हणून तर व्याही झाली.

ती गेल्यावर लोटननं तिची उष्टी बशी विसळून जागेवर ठेवली.

कोर्ट म्हणजे कचेरीतली लांब खोली. खटला धुळ्याला सेशनकडे पाठवायचा की बाईला इथंच सोडायचं, एवढंच मॅजिस्ट्रेटनं ठरवायचं होतं. अर्धं रनाळं आणि आमचं अख्खं गाव बाहेर चिंचेखाली बसलं होतं, मी तेवढा आत दाराशी उभा होतो. नदीवरच्या दोघी बायकांनी शपथेवर सांगितलं, की पुडी देते असं ही स्वतःच म्हणायची. धनुबाईनं सांगितलं, की असली पुडी माझ्या घरात कधी आली नाही, माझा मुलगा घोड्यासारखा धडधाकट होता. सुरतेचं तिनं नावही काढलं नाही. उरलेल्या पुड्या तिनं त्याच सकाळी चुलीत घातल्या होत्या.

मग डॉक्टर आठल्ये उभे राहिले. त्यांनी रक्त कसं धुतात, कसं गाळतात, रंग कसा चढतो आणि तो ओळीनं लावलेल्या नमुन्यांशी कसा ताडून बघतात, हे सगळं इतकं रंगून सांगितलं की मॅजिस्ट्रेटनं दोनदा घड्याळ बघितलं.

"आरोपी म्हणते, मयत हातपाय झाडत होता," मॅजिस्ट्रेट म्हणाले.

"या औषधानं माणूस झाडत नाही, साहेब. शांत झोपतो आणि झोपेतच जातो. म्हणजे बाई बनवून सांगते आहे, नाहीतर…"

"नाहीतर काय?" शांतीलाल वकील उठला. "त्याला फेफरं असेल तर?"

डॉक्टर थबकले. हुशार माणूस, लबाड नव्हता. "असेल तर सगळंच उलटं होईल. मग झाडणंही बरोबर, फेसही बरोबर, आणि रक्तातलं औषधही बरोबर. रोज घेणाऱ्याच्या रक्तात एवढं सापडलं तर नवल नाही. कधीच न घेणाऱ्याच्या रक्तात एवढं सापडलं, तर तो उठत नाही."

"मग मयत यातला कोणता?" मॅजिस्ट्रेटनं विचारलं.

"ते रक्त सांगत नाही, साहेब. किती आहे ते सांगतं, कधीपासून आहे ते नाही. ते त्याच्या माणसांनी सांगायचं."

"आपण जीभ तपासलीत?" वकिलानं विचारलं.

"जबडा बांधलेला होता," डॉक्टर हळू आवाजात म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले. दोधूला जाळून तोवर दोन महिने झाले होते.

शांतीलाल वकिलाच्या तोंडावर हसू आलं. त्यानं लोटनला हाक मारली.

लोटन आला. नवं पागोटं, इस्त्रीची बाराबंदी. पिंजऱ्यात उभ्या कोकिळानं त्याला बघितलं आणि तिनं पदर सारखा केला, बापासमोर डोकं उघडं नको म्हणून. इतक्या दिवसांत तिचा चेहरा मी पहिल्यांदा असा निवांत बघितला. शेजारच्या शिपायाला ती हळूच म्हणाली, "मन्हा बा."

शपथ झाली.

"मयत दोधू तुमचा जावई. त्याला तुम्ही लग्नाआधीपासून ओळखत होता?"

"वयखे."

"त्याला फेफऱ्याचा आजार होता का?"

लोटननं मुलीकडं बघितलं नाही. खिडकीबाहेर, चिंचेखाली बसलेल्या समाजाकडं बघितलं. मधोमध धनुबाई, आणि तिच्या बाजूला समाजाचे बाकीचे पंच.

"नही."

वकिलाला वाटलं, म्हाताऱ्याला प्रश्न कळला नाही. त्यानं पुन्हा विचारलं. यात्रेचं नाव घेतलं, जोड्याचं नाव घेतलं. त्याचा आवाज चढला, मॅजिस्ट्रेटनं त्याला दटावलं.

"आसं काही नव्हतं," लोटन म्हणाला. "पोऱ्या धडधाकट व्हता. मी पंच शे, साहेब. रोगी घरमा मी मन्ही पोर देसू का?"

बाहेर चिंचेखाली माना हलल्या. किती खरं बोलला! देईल का? पंच आहे.

मॅजिस्ट्रेटनं लेखणी खाली ठेवली आणि आरोपीला विचारलं, की तुला यावर काही सांगायचं आहे का. शांतीलाल वकील तिच्याकडं वळून जवळजवळ ओरडलाच, "सांग बाई! तू काय बघितलंस ते सांग! फेस सांग, डोळे सांग!"

कोकिळा बापाकडं बघत होती. तिच्या तोंडावर राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं, निदान तिला कळलं तरी असं झालं असतं. ती नुसती गोंधळली होती, घरातली नेहमीची वस्तू जागेवर न सापडल्यावर माणूस गोंधळतं तशी. तिनं बराच विचार केला. काही वेळानं तिला उत्तर सापडलं, आणि ते सापडल्यावर तिचा चेहरा पुन्हा निवळला.

"साहेब," ती म्हणाली, "मन्हा बा खोटं बोलस नही. तो नही म्हनस, तं नही व्हई. मालेच चुकीनं दिसनं व्हई."

"म्हणजे तो झाडत नव्हता? फेस नव्हता?"

"बा म्हनस तसंच," ती म्हणाली.

मॅजिस्ट्रेटनं ते तिच्याच शब्दांत लिहून घेतलं, वाचून दाखवलं आणि खाली तिचा अंगठा घेतला.

लोटन तोवर साक्षीच्या पिंजऱ्यातून उतरला होता. ती मागून त्याला विचारत होती, की बा, आता घरी जायचं ना.